गाईचा श्वास मोजा
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



गाय वैरण खाईनाशी झाली की आपण तिचं तोंड उघडून बघतो, शेण बघतो, कानाला हात लावून ताप आहे का याचा अंदाज घेतो. हे सगळं बरोबरच आहे. पण तिची कूस मिनिटाला किती वेळा वर-खाली होते, हे मोजणारा माणूस क्वचितच भेटतो. माधवनगर, बुधगाव, कवलापूर या पट्ट्यात जनावरांवर उपचार करत मी बरीच वर्षं फिरलो. इथं गाव आणि शहर एकमेकांत मिसळलेलं आहे. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याखाली दोन-तीन गाई, एखादी म्हैस, आणि सकाळचं दूध मोटारसायकलवरून सांगलीत. अशा गोठ्यांत जनावराच्या श्वासाकडे थोडं अधिक लक्ष दिलं, तर काही मृत्यू नक्की टळतील. म्हणून आजचा विषय आहे पाळीव जनावरांची श्वसनसंस्था. ती कशी बनलेली आहे, कसं काम करते आणि आपल्या हातून ती कुठं बिघडते, हे आपण पाहू.

आधी तिचं काम केवढं आहे ते पाहा. मोठ्या गाईच्या एका श्वासात साधारण साडेतीन ते चार लिटर हवा आत जाते. माणसाच्या एका साध्या श्वासात जेमतेम अर्धा लिटर जाते. गाईचे मिनिटाला २५ श्वास धरले तर मिनिटाला सुमारे ९० लिटर आणि दिवसाला लाखाहून जास्त लिटर हवा ती आत-बाहेर करते. आता दुसरा हिशेब. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून साधारण ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावं लागतं. त्या रक्तात प्राणवायू भरायचा तो फुप्फुसानं. म्हणजे दूध हे वैरण आणि पाण्याइतकंच हवेवरही तयार होतं. पेंडीला पैसे पडतात म्हणून तिचा हिशेब आपण ठेवतो. हवा फुकट मिळते, म्हणून तिच्याकडे आपलं लक्ष नसतं.

आता हवेच्या वाटेनं आत जाऊ. निरोगी गाईचं नाकाडं ओलं आणि थंड असतं. नाकपुडीच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात. कागदाची सुरळी करावी तशा. त्यांच्यावर ओलसर अस्तर आणि रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. बाहेरची हवा या सुरळ्यांमधून जाताना ऊबदार आणि दमट होते, आणि तिच्यातली बरीचशी धूळ अस्तराला चिकटून राहते. पुढं श्वासनलिकेच्या आत डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात आणि त्यांच्यावर चिकट थर असतो. हे केस सतत हलत राहतात आणि अडकलेली धूळ, जंतू वर घशाकडे ढकलत राहतात. तिथून जनावर ते गिळून टाकतं. गोठ्याची झाडलोट जशी रोज चालते, तशी ही आतली झाडलोट रात्रंदिवस चालू असते.

नाकाच्या मागं घसा येतो, आणि इथं खरी गंमत आहे, धोकाही इथंच आहे. नाकातून येणारी हवा आणि तोंडातून जाणारा घास यांच्या वाटा घशात एकमेकींना ओलांडतात. पुणे-मिरज रेल्वेमार्ग आपल्या माधवनगरावरून जातो, तेव्हा फाटक म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. जनावराच्या घशात असंच एक फाटक आहे. घास गिळताना स्वरयंत्र पुढं सरकतं, त्याच्यावरची झाकणी मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि घास अन्ननलिकेत उतरतो. मग फाटक उघडतं आणि श्वास पुन्हा सुरू होतो. गाय नुसता चारा गिळत नाही, तर रवंथासाठी तोच घास पुन्हा वर आणते. त्यामुळे हे फाटक दिवसातून शेकडो वेळा उघडतं आणि मिटतं. निरोगी जनावरात ते चुकत नाही. चुकतं ते आपण मध्ये हात घालतो तेव्हा. त्याकडे मी थोड्या वेळानं येतो.

स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका. कुर्चेच्या कड्या एकापुढे एक मांडून ती बनलेली असते, म्हणून मान वळली तरी नळी दबत नाही. छातीत गेल्यावर ती दोन फुप्फुसांसाठी दुभंगते. पण गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर यांच्यात दुभंगण्याच्या आधीच एक फाटा उजव्या बाजूला निघतो आणि थेट उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या खंडात जातो. घोड्यात आणि कुत्र्यात असा वेगळा फाटा नसतो. त्यामुळे आपल्या गाई-म्हशींच्या श्वासनलिकेत चुकून काही उतरलं, तर ते बऱ्याचदा आधी याच खंडात जाऊन बसतं.

आता खुद्द फुप्फुस. लाखो वायुकोशांचा हा गुलाबी स्पंज. वायुकोशाची भिंत इतकी पातळ की पलीकडच्या रक्तात प्राणवायू सहज जातो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. पण सगळ्या जनावरांचं फुप्फुस सारखं नसतं. गाईच्या फुप्फुसात बारीक बारीक कप्पे असतात आणि त्यांच्यामध्ये जाड पडदे असतात. चाळीतल्या खोल्या म्हणा. एका खोलीचं दार बंद झालं, तर शेजारच्या खोलीतून तिच्यात हवा शिरू शकत नाही. घोड्यात हे पडदे अपुरे असतात, कुत्र्यात तर फारच थोडे, म्हणून शेजारून थोडी हवा मिळत राहते. शिवाय तेवढ्याच वजनाच्या घोड्याशी तुलना केली तर गाईचं फुप्फुस लहान भरतं. म्हणजे नुसतं उभं राहून रवंथ करतानाही गाय आपल्या श्वासाच्या क्षमतेचा मोठा वाटा वापरत असते. हातात शिल्लक थोडी असते. घोड्याची घडण धावण्यासाठी आहे, गाईची चरण्यासाठी आहे.

शर्यतीच्या शौकिनांनीही हे लक्षात घ्यावं. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. परवानगी मिळाली, पण कायद्यानं खिलार बैलाचं फुप्फुस मोठं होत नाही. पळून आलेला बैल धापत असताना त्याच्या तोंडात काहीही ओतू नका. त्याला सावलीत हळूहळू फिरवा, श्वास खाली येऊ द्या, मग त्याचं तो पाणी पिईल.

छातीच्या मागच्या बाजूला श्वासपटल असतं. छाती आणि पोट यांच्यामधला हा स्नायूचा पडदा. तो मागं सरकला की छातीत जागा होते आणि हवा आत येते. त्याच्या मागंच गाईचं कोटीपोट असतं. मोठ्या गाईत ते शंभर लिटरहून अधिक मावेल एवढं. कोवळा लसूणघास जास्त खाल्ला, डावी भकाळी ढोलासारखी फुगली, की ते पोट श्वासपटलाला पुढं रेटतं आणि फुप्फुसाला पसरायला जागाच उरत नाही. पोटफुगीनं जनावर मरतं असं आपण म्हणतो. खरं तर ते श्वास कोंडून आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्या दबून मरतं. याच कारणासाठी व्यालेली गाय दुग्धज्वरानं बसली तर तिला आडवी पडू देऊ नये. पोत्यात भुसा भरून दोन्ही बाजूंनी टेकू द्यावा आणि तिला छातीवर बसती ठेवावी. आडव्या पडलेल्या गाईला ढेकर देता येत नाही. पोट फुगतं, आणि पोटातलं पाणी घशात आलं तर तेही श्वासनलिकेत उतरू शकतं.

ढेकरावरून एक उपयोगाची गोष्ट सांगतो. गाय ढेकर देते तेव्हा पोटातला काही वायू ती पुन्हा श्वासावाटे आत घेते. त्यातला वास फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून कासेत जातो. धारेच्या थोडा वेळ आधी कांद्याची पात किंवा उग्र वासाचा चारा घातला तर अर्ध्या तासाच्या आत तो वास दुधाला येऊ शकतो. डेअरीवर दुधाला वास येतो म्हणून तक्रार आली, तर आधी चाऱ्याची वेळ बदलून पाहा. असा चारा धार काढून झाल्यावर घाला.

आता घशातल्या फाटकाकडे परत येतो, कारण आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. आपल्याकडे जनावर आजारी पडलं की पहिला उपचार असतो तो पाजण्याचा. एक जण वेसण धरून मान वर ओढतो, दुसरा जीभ बाहेर काढून धरतो आणि तिसरा बांबूच्या नळीनं किंवा काचेच्या बाटलीनं काढा ओततो. आता विचार करा. जीभ बाहेर धरलेली असताना आपल्याला तरी घोट गिळता येतो का? मान आभाळाकडे केली की गिळणं अवघड होतं आणि श्वासनलिकेची वाट सरळ होते. फाटक उघडं आणि वरून धार चालू. औषधातला काही भाग फुप्फुसात गेला की जनावराला ठसका लागतो. गोडेतेल असेल तर ठसकाही नीट लागत नाही, कारण ते झोंबत नाही. ते निमूटपणे खाली उतरतं आणि तिथून परत काढता येत नाही. त्याच्याबरोबर गेलेले जंतू कप्प्या-कप्प्यांत वाढतात. दोन-तीन दिवसांत ताप, वेगाचा श्वास, नाकातून घाण वासाचा स्राव. या न्यूमोनियावर प्रतिजैविकं देता येतात, पण यश फार कमी येतं.

सगळ्यात वाईट वाटतं ते तिव्याच्या वेळी. पावसाळ्याच्या आसपास आपल्या भागात तिवा येतो. विषाणूचा ताप, डास आणि चिलटांमार्फत पसरणारा. गाय लंगडते, बसून राहते, लाळ गाळते. नावातच सांगितल्याप्रमाणे बहुतेक जनावरं तीन-चार दिवसांत आपोआप उठतात. पण या आजारात काही जनावरांच्या घशाचे स्नायू ढिले पडतात आणि गिळता येत नाही. लाळ गळते ती त्यामुळेही. असं फाटक मोडलेल्या जनावराला आपण पाजतो.

जवळच्याच एका गावात एका बाईंची एकच संकरित गाय होती, दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं मिळून बारा-तेरा लिटर देणारी. घरातली दोन मुलं शाळेत, आणि महिन्याचा किराणा त्या दुधावर. गाय तिव्यानं बसली. शेजाऱ्यांनी मायेनंच येऊन हळद, गूळ आणि तेल घालून बाटलीभर काढा पाजला. मला बोलावणं आलं ते चौथ्या दिवशी. तोवर तिवा उतरला होता, अंगात बळ आलं होतं, पण मान लांब करून, नाकपुड्या फुलवून ती मिनिटाला सत्तरच्या वर श्वास घेत होती. उजव्या छातीला पुढच्या बाजूला कान लावला तर हवेचा आवाजच नाही. सहाव्या दिवशी ती गेली. पाजलं नसतं तर ती बहुधा वाचली असती. बाईंनी विचारलं, “डॉक्टर, तिला काय झालं होतं?” मी तिवा म्हणालो. पाजणाऱ्या शेजाऱ्यांसमोर त्याहून जास्त बोलणं मला जमलं नाही. ते आज तुम्हा सगळ्यांसमोर बोलतो आहे, कारण दोष एका माणसाचा नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीचा आहे.

म्हणून हे नियम लक्षात ठेवा. आडवं पडलेल्या, शुद्ध हरपत चाललेल्या, लाळ गाळणाऱ्या, घसा सुजलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या जनावराला काहीही पाजू नका. दुग्धज्वराच्या गाईला तोंडावाटे कॅल्शियम ओतू नका. ते शिरेतून द्यायचं असतं आणि ते काम डॉक्टरांचं. पोटफुगीत तेल द्यायचं झालं तर डॉक्टर ते पोटात नळी घालून देतात. ज्या जनावराला गिळता येतं आणि पाजणं खरंच गरजेचं आहे, त्याचं नाक डोळ्यांच्या रेषेपेक्षा वर नेऊ नका. जीभ धरू नका. तोंडाच्या कडेनं, दात नसलेल्या जागेतून थोडं थोडं द्या आणि प्रत्येक घोट गिळलेला पाहा. ठसका लागला की त्या क्षणी डोकं मोकळं सोडा. आणि पिठाच्या गोळ्यातून किंवा पेंडीतून देता येणारं औषध पाजूच नका.

दुसरी गोष्ट गोठ्यातल्या हवेची. शेण-मुतातून अमोनिया निघतो. तो नाकातल्या आणि श्वासनलिकेतल्या त्या बारीक केसांना इजा करतो. मग आतली झाडलोट थांबते आणि एरवी बाहेर ढकलले जाणारे जंतू खाली फुप्फुसात उतरतात. पाहणी सोपी आहे. पहाटे गोठ्यात जा आणि जिथं वासरू बांधता तिथं उकिडवे बसून चार श्वास घ्या. उभ्यानं वास जाणवणार नाही, पण वासराच्या नाकाच्या उंचीवर डोळे चुरचुरले तर समजा, ते वासरू रात्रभर त्याच हवेत होतं. पत्र्याचा गोठा चारही बाजूंनी बंद करू नका. थंडीत जनावराच्या अंगावर येणारा वारा अडवा, पण वर छपराजवळ हवा बाहेर जायला जागा ठेवा. डास-चिलटांसाठी संध्याकाळी धूर करायचा तर उघड्यावर, वाऱ्याच्या अंदाजानं करा. दार लावून गोठ्यात धूर कोंडू नका. कडब्याची कुट्टी फार धुळकट असेल तर पाणी शिंपडून घाला.

उन्हाळ्यात श्वासाला आणखी एक काम लागतं, अंग थंड ठेवण्याचं. म्हशीला घर्मग्रंथी कमी आणि कातडी काळी, म्हणून ती पाण्यात बसते. होल्स्टिन संकरित गाईला २५-२६ अंशांच्या पुढंच उकडायला लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. दुपारी तिचे श्वास साठच्या वर गेले तर तिला उष्णतेचा ताण आहे, ऐंशीच्या वर गेले तर तो फार आहे. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून श्वास घेत असेल तर वाट पाहू नका. अंगावर पाणी मारा, पंखा लावा, डॉक्टरांना बोलवा. कुत्रा जीभ काढून धापतो ती त्याची नेहमीची रीत आहे. गाय तसं करते तेव्हा ती संकटात असते.

श्वास मोजायचा कसा? सकाळी गारव्यात, जनावर शांत असताना, हात न लावता, थोडं लांब मागच्या बाजूला उभं राहून. कूस एकदा बाहेर आली आणि आत गेली की एक श्वास. मोबाइलमध्ये मिनिट लावा आणि मोजा. मोठ्या गाई-म्हशीचे साधारण १५ ते ३०. शेळी-मेंढीचेही जवळपास तेवढेच, थोडे जास्त. घोड्याचे ८ ते १६. वासराचे मोठ्या गाईपेक्षा जास्त असतात. खरं महत्त्व आकड्यापेक्षा तुमच्या गाईच्या नेहमीच्या आकड्याला आहे. तो भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. एरवी २२ असणारी गाय गार सकाळी ४० वर गेली, तर तिनं वैरण सोडण्याच्या आधीच तुम्हाला खबर मिळाली.

कोंबडीबद्दल दोन शब्द. तिचं फुप्फुस बरगड्यांना चिकटलेलं आणि ताठ असतं, श्वासपटल नसतं. शरीरात आठ-नऊ वायुपिशव्या असतात आणि छातीचं हाड वर-खाली करून ती भात्यासारखी हवा खेळवते. म्हणून कोंबडी पकडताना छाती दाबून धरली तर नाक उघडं असूनही ती गुदमरते. मुलांना हे आवर्जून सांगा.

शेवटी, श्वासावाटे येणारे रोग. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प येतो, म्हशींना जास्त. एकदम ताप, गळ्याला सूज, घरघर, आणि काही तासांत जनावर जातं. उपचाराला वेळच मिळत नाही, म्हणून मे-जूनमध्ये लस हाच उपाय. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचा महापूर आपण पाहिला. अशा वेळी अनेक गोठ्यांची भिजलेली, थकलेली जनावरं एका आवारात दाटीनं राहतात. या रोगाला ते फार सोयीचं असतं. तेव्हा लस पूर येण्याआधीच झालेली हवी. जतकडच्या माडग्याळ मेंढ्या असोत की घरची शेळी, पीपीआरची लस चुकवू नका. मिरजेच्या किंवा खरसुंडीच्या बाजारातून आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. गाईंचा फुप्फुसदाह हा संसर्गजन्य रोग आपल्या देशातून हटला आणि २००७ मध्ये भारताला त्यापासून मुक्त असल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला मिळाला. लक्ष ठेवणं आणि आजारी जनावर वेगळं काढणं, ही शिस्त पाळल्यानंच असं घडतं.

तर उद्या सकाळी धारेआधी एक मिनिट गाईच्या मागं उभे राहा आणि मोजा. आकडा वाढलेला दिसला तर बाटली शोधू नका, डॉक्टरांना फोन करा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा निःशुल्क क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा, म्हणजे घरात त्या वेळी जे कोणी असेल त्याला तो सापडेल.